डॉक्टर ऑस्लर आणि त्यांचें लहान कॉलेज

विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत ज्यांस वैद्यांचा वैद्य म्हणून मान मिळत असे, त्या सर विल्यम ऑस्लर यांचें नांव वाचकांपैकीं कांहींनीं इस्पितळांतील डॉक्टरांच्या तोंडून ऐकलें असेल. त्यांची थोरवी सांगतांना लोक बहुधा बाल्टिमोर येथील मोठें इस्पितळ, ऑक्सफर्डची मानाची जागा व राजानें दिलेला किताब यांविषयीं बोलतात. आम्हांस मात्र त्यांच्या आयुष्यांतील दुसऱ्याच दहा वर्षांविषयीं सांगावयाचें आहे. तीं वर्षें कॅनडा देशांतील मॉन्ट्रियल शहरीं एका लहान मेडिकल कॉलेजांत, कोट टांगण्याच्या खोलींत मांडलेल्या सूक्ष्मदर्शक यंत्रांपाशीं आणि इस्पितळाच्या मुडदेघरांत गेलीं. पुढें जें पीक जगानें पाहिलें त्याची पेरणी तेथें झाली, असें आमचें मत आहे. आणि तें वाचकांस पटतें कीं नाहीं हें त्यांनींच पाहावें.

विल्यमचा जन्म १२ जुलै १८४९ रोजीं कॅनडांतील बाँड हेड या खेड्यांत झाला. त्याचे वडील फेदरस्टोन ऑस्लर हे मूळचे इंग्लंडांतील कॉर्नवॉल प्रांताचे. तरुणपणीं त्यांनीं आरमारांत चाकरी केली, पुढें ते दीक्षित पाळक झाले, आणि १८३७ सालीं पत्नी एलन हिच्यासह समुद्र ओलांडून कॅनडाच्या रानांत नव्यानें वसलेल्या लोकांची सेवा करावयास आले. त्या भागांत धड रस्ते नव्हते. घोड्यावर बसून मैलोगणती हिंडावें आणि विखुरलेल्या घरांतील मंडळी गोळा करावी, असा त्यांचा क्रम असे. त्यांस नऊ मुलें झालीं. त्यांत विल्यम आठवा, आणि मुलग्यांत सर्वांत धाकटा. आई काटक होती; ती शंभर वर्षें पुरीं करून १९०७ सालीं वारली.

पाळकांच्या मुलांविषयीं मंडळींत कधीं कधीं जें कुजबुजून बोललें जातें, तें या मुलाविषयीं उघडपणें बोलावें लागे. मास्तरांचा अपमान केल्याबद्दल डंडस गांवच्या शाळेंतून त्याचें नांव काढून टाकण्यांत आलें. मग त्यास वेस्टन येथील एका नव्या शाळेंत पाठविलें. तेथें १८६६ सालीं त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं शेगडीवर काकवी, मोहरी व मिरीं टाकून त्या धुरानें शाळेच्या वृद्ध व्यवस्थापक बाईस खोलींत कोंडिलें. बाईनें फिर्याद केली, आणि मुलांस कांहीं दिवस तुरुंगांत काढावे लागले. हा खोडकर स्वभाव त्यांच्या अंगांतून शेवटपर्यंत गेला नाहीं. मोठेपणींही ते टोपणनांवानें थट्टेचे खोटे लेख वैद्यकीय मासिकांस पाठवीत, आणि त्यांतले कांहीं अशा थोर मनुष्यास न शोभणारे होते हें कबूल केलें पाहिजे.

पण त्याच वेस्टनच्या शाळेंत त्यास पहिला गुरु भेटला. शाळा स्थापन करणारे रेव्हरंड जॉन्सन हे पाळक असून त्यांस सृष्टीचें मोठें वेड होतें. त्यांच्यापाशीं एक सूक्ष्मदर्शक यंत्र होतें. डबक्यांतलें शेवाळ, दगडांत सांपडलेले प्राचीन प्राण्यांचे अवशेष, हाडांचे घासून पातळ केलेले तुकडे, जें हातीं लागेल तें ते भिंगाखालीं धरीत, आणि मुलांस शनिवारीं रानांत नेऊन असल्या वस्तु वेंचावयास लावीत. ज्या मुलास वर्गांत चैन पडत नसे, तो या यंत्रापाशीं तासचे तास निश्चळ बसूं लागला. शाळेचे वैद्य डॉक्टर जेम्स बोव्हेल हेही सुटीच्या दिवशीं टोरोंटो शहराहून तेथें येत. पाळक व वैद्य, दोघे मित्र, एकाच भिंगांतून पाहत. आणि तो मुलगा त्यांच्या खांद्यावरून डोकावे.

१८६७ सालीं विल्यम टोरोंटोच्या ट्रिनिटी कॉलेजांत दाखल झाला, तो पाळक होण्याच्या उद्देशानें. वडिलांच्या मागें त्यांचें काम चालवावें असें त्याच्या मनांत होतें. परंतु एका वर्षांत मन फिरलें. १८६८ सालीं त्यानें धर्मशास्त्राचा अभ्यास सोडला व वैद्यक हातीं घेतलें. पाळकाच्या घरांत असा दिवस उगवतो तेव्हां बापाच्या मनास काय वाटतें हें आमच्या वाचकांतील कित्येकांस अनुभवानें ठाऊक असेल. येथें एक चमत्कारिक गोष्ट घडली. शिष्यानें वेदी सोडून वैद्यक धरिलें, तर कांहीं काळानें गुरु बोव्हेल यांनीं वैद्यक सोडून पाळकाची दीक्षा घेतली आणि वेस्ट इंडीज बेटांत सेवेस गेले. ज्या घरीं राहून व ज्यांचीं पुस्तकें वाचून विल्यम शिकला तें घर असें एकाएकीं मोडलें. ते गुरु त्यास जन्मभर विसरले नाहींत. पुढें म्हातारपणींही एखाद्या सभेंत कंटाळवाणें भाषण चाललें असतां ऑस्लर यांची पेन्सिल हातांतल्या कागदावर नकळत जेम्स बोव्हेल हीं अक्षरें गिरवीत असे.

टोरोंटोस असतांनाच त्याच्या नजरेची पारख झाली होती. शरीरच्छेदनाच्या खोलींत एका प्रेताच्या स्नायूंवर त्यास बारीक पांढरे ठिपके दिसले. इतरांच्या दृष्टीस ते पडले नसते, किंवा पडले तरी त्यांनीं पुसून टाकिले असते. त्यानें ते भिंगाखालीं ठेविले, आणि प्रत्येक ठिपक्यांत गुंडाळून बसलेला एक सूक्ष्म जंत निघाला. हा जंत डुकराच्या अर्धवट शिजलेल्या मांसांतून मनुष्याच्या पोटांत जातो. तेव्हां विल्यमचें वय वीस वर्षांचें होतें.

१८७० सालीं तो मॉन्ट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यालयांत आला, कारण तेथें विद्यार्थ्यांस इस्पितळांत रोग्यांजवळ जातां येई. मॅक्‌गिलचें नांव आज जगभर आहे. परंतु त्या वेळचें तेथील वैद्यक कॉलेज म्हणजे मूठभर प्राध्यापक, हिवाळ्यांतील व्याख्यानें आणि विद्यार्थ्यांच्या फीवर चालणारा कारभार, एवढेंच होतें. जवळचें मॉन्ट्रियल जनरल हॉस्पिटल जुनें व कोंदट असून त्यांत उंदरांचा सुळसुळाट असे. मात्र तेथें रोगी पुष्कळ येत, आणि तेथें डॉक्टर पामर हॉवर्ड होते. हा त्याचा तिसरा गुरु. हॉवर्ड यांनीं आपल्या घरचें ग्रंथालय या मुलास खुलें केलें आणि मुडदेघराची वाटही दाखविली. जॉन्सन, बोव्हेल व हॉवर्ड या तिघांच्या नांवांस ऑस्लर यांनीं पुढें आपला सर्वांत मोठा ग्रंथ अर्पण केला.

येथें थोडें थांबून दोन शास्त्रांची ओळख करून घेतली पाहिजे, कारण पुढची सारी हकीकत त्यांवरच उभी आहे. निरोगी शरीरांतील इंद्रियें आपापलीं कामें कशीं करितात, काळीज रक्त कसें ढकलतें, फुप्फुस हवा कशी घेतें, जठर अन्न कसें जिरवितें, हें सांगणारें एक शास्त्र आहे; त्यास शरीरव्यापारशास्त्र म्हणूं. दुसरें विकृतिशास्त्र. रोगानें त्याच इंद्रियांत काय बिघाड केला, कोठें सूज आली, कोठें पू झाला, कोणती झडप झिजली, हें तें सांगतें. चांगली चाललेली मोट ज्यानें कधीं पाहिली नाहीं त्यास बिघडलेली मोट दुरुस्त करितां येत नाहीं. आणि नाडा कोठें विरला हें विहिरीवर जाऊन न पाहतां घरीं बसून सांगणाऱ्याचें सांगणें फोल असतें. पूर्वीचे पुष्कळ वैद्य असेच घरीं बसून सांगत. रोग्याची जीभ पाहावी, नाडी पाहावी, दहा औषधें एकत्र करून द्यावीं, आणि रोगी दगावला तर दैवास बोल लावावा. आंत काय झालें होतें हें उघडून पाहण्याची तसदी थोडे घेत.

विल्यमनें ती तसदी विद्यार्थिदशेंतच घेतली. १८७२ सालीं पदवीच्या परीक्षेसाठीं त्यानें जो प्रबंध लिहिला त्यासोबत त्यानें स्वतः शवपरीक्षेंत काढून सिद्ध केलेले तेहतीस नमुने जोडिले होते. परीक्षकांनीं त्याबद्दल पुस्तकांचें खास बक्षीस दिलें. मग वडील भाऊ एडमंड यानें पैशाची मदत केली, आणि तो नवा डॉक्टर युरोपास गेला.

लंडन येथें ते बर्डन-सँडर्सन यांच्या शरीरव्यापारशास्त्राच्या प्रयोगशाळेंत एक वर्षाहून अधिक काळ राहिले. तेथें रक्ताचे थेंब भिंगाखालीं पाहतां पाहतां त्यांच्या हातून एक मोलाचें काम झालें. रक्तांत तांबड्या व पांढऱ्या पेशी असतात हें ठाऊक होतें. त्यांखेरीज अत्यंत बारीक अशा तिसऱ्या कणांचे पुंजके पूर्वी कांहींनीं पाहिले होते, पण ते काय असावे याचा उलगडा झाला नव्हता. ऑस्लर यांनीं दाखविलें कीं, जिवंत शिरेंत वाहत असतां हे कण सुटे सुटे असतात, आणि रक्त बाहेर आल्यावर ते एकमेकांस चिकटतात. १८७४ सालीं हा शोध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडण्यांत आला. जखमेंतून वाहणारें रक्त थांबविण्यास हेच कण प्रथम धांवून येतात, हें पुढें इटलींतील बिझोझेरो यांनीं १८८२ सालीं स्पष्ट केलें. आज डेंग्यूच्या तापांत ज्या प्लेटलेट कमी झाल्या म्हणून घरचे लोक घाबरतात, त्या ह्याच.

लंडनहून ते बर्लिनला गेले. तेथें विकृतिशास्त्राचे महागुरु फिर्खो यांस स्वतः शवपरीक्षा करितांना त्यांनीं पाहिलें. फिर्खो घाई करीत नसत. प्रत्येक इंद्रिय ठरलेल्या क्रमानें पाहावें, वजन करावें, टिपावें, मग बोलावें, अशी त्यांची शिस्त. ही शिस्त ऑस्लर यांनीं पक्की उचलली.

१८७४ च्या उन्हाळ्यांत घरीं परतल्यावर त्यांनीं थोडे दिवस आपल्या प्रांतांत वैद्यकी केली. त्यांच्या हिशेबवहींत पहिली कमाई लिहिली आहे ती एका मनुष्याच्या डोळ्यांतील कण काढल्याबद्दल पन्नास सेंट, म्हणजे अर्धा डॉलर. इतक्यांत मॅक्‌गिलचें बोलावणें आलें. तेथील प्राध्यापक ड्रेक यांची प्रकृति बिघडली होती, आणि त्यांचा विषय शिकविण्यास मनुष्य पाहिजे होता. तो विषय म्हणजे वर सांगितलेलीं दोन्ही शास्त्रें, शरीरव्यापार व विकृति, एकत्र. ऑस्लर यांचें वय पंचवीस. पगार म्हणजे विद्यार्थ्यांच्या फीचा वांटा.

आरंभ कांहीं चांगला झाला नाहीं. व्याख्यानें देणें त्यांस जड जाई. आठवड्यास चार व्याख्यानें तयार करितांना त्यांचा जीव मेटाकुटीस येई, आणि कागदावरून वाचून दाखविण्यांत ना त्यांस समाधान, ना ऐकणारांस. ज्या मनुष्याच्या भाषणास पुढें दोन खंडांतील लोक दाटी करीत तो पहिल्या वर्षीं असा अडखळत होता, हें नव्या उपदेशकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पण त्यांनीं लवकरच ओळखलें कीं हे विषय बोलून शिकविण्याचे नाहींतच. कॉलेजांत विद्यार्थ्यांचे कोट व टोप्या ठेवण्याची एक खोली होती. ती त्यांनीं मागून घेतली आणि तिची प्रयोगशाळा केली. विद्यार्थ्यांस एकेक सूक्ष्मदर्शक यंत्र मिळावें म्हणून पॅरिसच्या हार्टनाक कंपनीचीं सुमारें डझनभर यंत्रें मागविलीं. कॉलेजाकडे एवढे पैसे नव्हते. पैसे कोठून आले ती गोष्ट अशी.

त्या काळीं मॉन्ट्रियल शहरांत देवीच्या सांथी वारंवार येत. लस टोंचून घेण्यास पुष्कळ लोकांचा विरोध होता. ऑस्लर तें शहर सोडून गेल्यावर लगेच, १८८५ सालीं, तेथें देवीनें तीन हजारांहून अधिक माणसें नेलीं. इस्पितळांत देवीच्या रोग्यांचा निराळा वॉर्ड असे आणि तेथें जावयास कोणी डॉक्टर सहसा राजी नसे. ऑस्लर यांनीं तें काम पतकरलें. त्याबद्दल जे सहाशें डॉलर मिळाले ते त्यांनीं यंत्रांच्या देण्यांत भरले. अशा रीतीनें मॉन्ट्रियलच्या मुलांनीं ज्या भिंगांतून रक्ताचा थेंब प्रथम पाहिला, तीं भिंगें देवीच्या वॉर्डांतून आलीं होतीं. त्या वॉर्डानें आपला करही वसूल केला. १८७५ च्या डिसेंबरांत ऑस्लर यांस स्वतःस देवी आल्या; सुदैवानें सौम्य आल्या.

त्या दिवसांतली एक हकीकत आम्हांस विशेष वाटते. इंग्लंडाहून मॉन्ट्रियलला आलेल्या एका तरुणास रक्तस्रावी देवी आल्या. ही जात अशी कीं तींतून सहसा कोणी वांचत नसे. घरचें कोणी जवळ नाहीं, सोबती भीतीनें दूर. ऑस्लर त्याच्या उशाशीं बसले. मरणाच्या अगोदर त्यानें आईची आठवण काढिली, आणि तिनें त्याच्या पवित्र शास्त्रांत खूण करून दिलेला यशयाचा ४३ वा अध्याय वाचून दाखवावा अशी इच्छा दर्शविली. ऑस्लर यांनीं तो वाचला. तो अध्याय वाचकांनीं काढून पाहावा, म्हणजे आईनें तोच कां निवडिला हें कळेल. मुलगा गेल्यावर ऑस्लर यांनीं त्याच्या वडिलांस सर्व वर्तमान स्वतः पत्रानें कळविलें. त्यानंतर सुमारें तीस वर्षांनीं, ऑस्लर इंग्लंडांत राहावयास गेले असतां, एका बैठकींत त्या तरुणाच्या कुटुंबांतील एका बाईची व त्यांची गांठ पडली. त्या पत्राची आठवण त्या घरांत तोंवर जिवंत होती. वेदी सोडलेला हा मनुष्य त्या रात्रीं काय करीत होता, याचा विचार त्याच्या वडिलांनींही केला असेल. आज देवीचा रोग पृथ्वीवर उरला नाहीं. १९८० सालीं तो समूळ गेल्याचें जाहीर झालें. नव्या पिढीस ती भीति कथेसारखी वाटते, तरी त्या वॉर्डांत पाऊल टाकणें म्हणजे काय होतें हें आपल्या आजोबा-पणजोबांस विचारतां आलें असतें.

१८७६ सालीं इस्पितळानें त्यांस विकृतिशास्त्रज्ञ नेमिलें. ही जागाच तेथें नवी होती. त्या दिवसापासून १८८४ पर्यंत त्यांनीं आपल्या हातांनीं सुमारें आठशें शवपरीक्षा केल्या. काम घाणेरडें, हिवाळ्यांत खोली बर्फासारखी थंड, हातमोजे नाहींत, आणि बोटास जखम झाली तर विष अंगांत भिनण्याचें भय. पगाराचें नांव घ्यावयास नको. प्रत्येक प्रेताची हकीकत ते स्वतः लिहून ठेवीत. रोगी जिवंत असतां काय लक्षणें होतीं, डॉक्टरांनीं कोणता रोग ठरविला होता, आणि उघडल्यावर काय निघालें. हीं तीन कलमें शेजारीं शेजारीं आलीं म्हणजे वैद्याची चूक लपत नाहीं. ऑस्लर यांनीं ती लपविण्याचा यत्नही केला नाहीं. स्वतःची असली तरी ती विद्यार्थ्यांपुढें मांडीत. झिजलेल्या झडपांचीं काळजें, क्षयानें पोखरलेलीं फुप्फुसें हीं काचेच्या बरण्यांत भरून ते कॉलेजाच्या संग्रहांत ठेवीत. काळजाच्या आंतील पडद्यास होणाऱ्या प्राणघातक रोगावर त्यांनीं १८८५ सालीं लंडनांत जीं व्याख्यानें दिलीं व ज्यांमुळें त्यांचें नांव झालें, त्यांतली सामग्री या मुडदेघरांतलीच होती.

आमच्या खेड्यांतून प्रेत उघडण्याचें नांव काढिलें तरी लोकांच्या अंगावर कांटा येतो, आणि त्या शोकांत त्यांस दोष देणें योग्य नाहीं. मॉन्ट्रियललाही लोक सुखानें संमति देत नसत. पण एका घरचें माणूस कशानें गेलें हें कळल्यावर दुसऱ्या घरचें वांचतें, हा हिशेब आम्हीं पाळकांनीं लोकांस शांतपणें समजावून देण्यासारखा आहे.

मनुष्यांवरच त्यांचें समाधान झालें नाहीं. मॉन्ट्रियलमध्यें गुराढोरांच्या वैद्यांचें एक लहानसें कॉलेज होतें. तेथेंही ते शिकवीत, आणि मेलेलीं डुकरें, घोडे, कुत्रे तपासीत. कुत्र्यांच्या श्वासनळींत गांठी करून राहणारा एक जंत त्यांनीं १८७७ सालीं प्रथम वर्णिला, व त्या जंतास पुढें त्यांचेंच नांव मिळालें. राजानें दिलेल्या किताबाइतका हा मान कोणास मोठा वाटणार नाहीं, परंतु तो अधिक काळ टिकेल.

१८७८ सालीं त्यांस त्याच इस्पितळांत रोग्यांचा वॉर्ड मिळाला. मुडदेघरांतल्या माणसाच्या हातीं जिवंत रोगी आले म्हणून जुन्या लोकांनीं भुंवया चढविल्या. त्यांनीं प्रथम खोलींतलें अडगळीचें सामान बाहेर काढविलें, उजेड आंत घेतला, आणि औषधांचा मारा कमी केला. कित्येक जुनाट रोगी खाटा सोडून हिंडूं लागले. शेंकडों प्रेतें उघडून पाहिलेल्या मनुष्यास एक गोष्ट पक्की कळली होती, ती ही कीं, बाटल्यांतल्या बहुतेक काढ्यांनीं आंतल्या बिघाडाचा केंसही वांकडा होत नाहीं. म्हणून त्यांनीं काळजीपूर्वक शुश्रूषा, अन्न, हवा आणि धीराचा शब्द यांवर भर दिला. कोरडा शास्त्रज्ञ होण्याचें भय अशा धंद्यांत फार असतें. त्यांच्या बाबतींत उलट झालें.

पुढचा काळ सर्वांस ठाऊक आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. १८८४ त ते फिलाडेल्फियास गेले. जावें कीं न जावें हें त्यांनीं नाणें उडवून ठरविलें अशी गोष्ट आहे. तेथेंही मोठ्या इस्पितळाच्या मुडदेघरांत ते दीडशेंहून अधिक वेळां दिसले. १८८९ त बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ उघडलें, त्यांत ते मुख्य वैद्य झाले. १८९३ त तेथें वैद्यक विद्यालय निघालें तेव्हां त्यांनीं विद्यार्थ्यांस व्याख्यानाच्या बाकावरून उठवून रोग्याच्या खाटेपाशीं नेलें आणि प्रत्येकाच्या हवालीं कांहीं रोगी केले. आज आपल्या देशांतील मेडिकल कॉलेजांत मुलें वॉर्डांत घोळक्यानें उभीं असलेलीं दिसतात, ती चाल रूढ करण्यांत त्यांचा हात मोठा आहे. १८९२ त त्यांनीं ग्रेस रेव्हियर ग्रॉस या विधवा बाईशीं लग्न केलें; त्याच वर्षीं त्यांचा तो मोठा वैद्यकग्रंथ निघाला.

त्या ग्रंथांत ठिकठिकाणीं एक विलक्षण गोष्ट आहे. रोगाचें वर्णन नेमकें, शवपरीक्षेंत काय दिसतें तें नेमकें, आणि उपचाराशीं आल्यावर सरळ कबुली कीं यावर उपाय आम्हांस सांपडलेला नाहीं. १८९७ च्या उन्हाळ्यांत बाप्तिस्ट पंथाचे पाळक फ्रेडरिक गेट्स यांनीं तो ग्रंथ आरंभापासून शेवटपर्यंत वाचला. गेट्स हे त्या वेळीं धनाढ्य रॉकफेलर यांच्या दानधर्माचा कारभार पाहत. वैद्यकास किती थोडें ठाऊक आहे हें पाहून ते थक्क झाले, आणि त्यांच्या आग्रहानें १९०१ सालीं न्यूयॉर्क येथें वैद्यकीय संशोधनाची रॉकफेलर संस्था निघाली. प्रामाणिकपणें ठाऊक नाहीं म्हटल्यानें एवढें मोठें दान निघालेलें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

थोर पुरुषाचें चरित्र लिहितांना त्याची काळी बाजू झांकणें हें शवपरीक्षेच्या शिस्तीस धरून होणार नाहीं. १९१४ सालीं पंजाबांतील साडेतीनशेंहून अधिक लोकांस घेऊन कोमागाता मारू हें जहाज कॅनडाच्या व्हँकूव्हर बंदरांत आलें, आणि बहुतेक सर्वांस उतरूं न देतां परत लाविलें. त्याच सुमारास एका भाषणांत ऑस्लर यांनीं कॅनडा हा गोऱ्या लोकांचाच देश राहिला पाहिजे असें मत मांडिलें. ज्यानें आठशें प्रेतें उघडून पाहिलीं, त्यास कातडीखालीं सर्व मनुष्यें सारखीं असतात हें कोणी सांगावें? तरीही तो असें बोलला, आणि हिंदी वाचकास तें खुपल्याशिवाय राहत नाहीं.

१९०५ सालीं ते ऑक्सफर्ड विद्यापीठांत गेले. १९११ त त्यांस सर हा किताब मिळाला. त्यांचा पहिला मुलगा तान्हेपणींच वारला होता. दुसरा, एडवर्ड रेव्हियर, हाच काय तो राहिला. पहिल्या महायुद्धांत तो तोफखान्यांत अधिकारी होता. १९१७ च्या ऑगस्टांत बेल्जममधील ईप्र येथील रणांगणावर तोफगोळ्याच्या तुकड्यांनीं तो जखमी झाला. जवळच्या लष्करी इस्पितळांत अमेरिकन शस्त्रवैद्य होते, त्यांत वडिलांचे स्नेही हार्वे कुशिंगही होते; त्यांनीं रात्रभर खटपट केली, पण ३० ऑगस्ट रोजीं पहांटे तो गेला. वय एकवीस. ज्या बापानें परक्याच्या मुलाच्या मरणाचें वर्तमान एकदां त्याच्या वडिलांस लिहून कळविलें होतें, त्यास आतां दुसऱ्यांनीं तेंच केलें. ऑस्लर लोकांपुढें हंसत, बोलत, रोग्यांस भेटत. एकांतांत ते खचले.

१९१९ च्या शरद ऋतूंत त्यांस सर्दी झाली ती छातींत उतरली. आपल्या फुप्फुसांत काय चाललें आहे हें त्या माणसास इतर डॉक्टरांइतकेंच कळत होतें, आणि याचा शेवट कोठें होणार हेंही. २९ डिसेंबर रोजीं ते वारले. मग त्यांच्या देहाचीही शवपरीक्षा झाली; ज्यानें इतकीं शरीरें उघडिलीं त्याचें उघडण्यांत आलें, आणि फुप्फुसांत पू व गळवें निघालीं.

मॉन्ट्रियलच्या बरण्यांचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. मॅक्‌गिलनें मोड अॅबट या बाईस स्त्री म्हणून वैद्यक शिकविण्याचें नाकारिलें होतें. ती दुसऱ्या कॉलेजांत शिकून डॉक्टर झाली, आणि १८९८ सालीं त्याच मॅक्‌गिलच्या संग्रहालयांत तिला दुय्यम जागा मिळाली. ऑस्लर यांनीं तिला त्या धुळीनें भरलेल्या बरण्यांचें मोल सांगितलें. त्या संग्रहावर ती वर्षानुवर्षें खपली आणि जन्मतः सदोष असलेल्या काळजांविषयीं जगांत पहिली अधिकारी झाली. १९०७ च्या आगींत संग्रहाचा पुष्कळ भाग जळाला, तरी कांहीं बरण्या वांचल्या.

ऑस्लर यांनीं जन्मभर जमविलेलीं सात हजारांहून अधिक पुस्तकें ऑक्सफर्डला किंवा बाल्टिमोरला न ठेवतां मॅक्‌गिलला दिलीं. १९२९ सालीं तेथें तें ग्रंथालय उघडलें. त्यांची व त्यांच्या पत्नीची रक्षा त्याच ग्रंथालयाच्या भिंतींत, त्या पुस्तकांच्या मध्यें ठेविलेली आहे.